जुन्या शर्यतींचे सारथी

ज्यांच्या नांवानें आपलें गांव ओळखलें जातें, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी स्थापन केली, हें येथील बहुतेक मुलांस ठाऊक असतें. त्या कंपनीची पद्मिनी ही मोटार कित्येक वर्षें मुंबईंत टॅक्सी म्हणून धांवली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं तिनें मुंबईच्या टॅक्सींच्या रांगेंतून कायमची रजा घेतली. त्या दिवसांत पुष्कळांस हळहळ वाटली. तेव्हां वर्गांत एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, लोखंडाच्या जुन्या गाडीसाठीं माणसांनीं इतकें कष्टी कां व्हावें?"

त्याचें उत्तर मला त्या घटकेस देतां आलें नाहीं. पुढें विचार करतां इंग्लंडांतील जुन्या मोटारींच्या शर्यती आठवल्या. तेथें १९३४ सालीं अशा मोटारींच्या शौकिनांनीं एक मंडळ स्थापन केलें. १९३० अखेरपर्यंत बनलेल्या मोटारींसच तें मुख्यत्वें 'व्हिंटेज' म्हणतें. या मोटारी संग्रहालयांत ठेवण्यासाठीं नसून पळविण्यासाठीं आहेत, असा त्या मंडळींचा बाणा आहे. आणि नव्वद वर्षांवरील मोटारी आजही सिल्व्हरस्टोनसारख्या मैदानांत धांवतात. मात्र तेथें जमलेल्या लोकांच्या बोलण्यांत यंत्राबरोबर माणसांचींही नांवें येतात. तीं कां, हें समजण्यास ती मोटार चालविणें किती कठीण होतें हें आधीं पाहिलें पाहिजे.

आपल्यापैकीं ज्यांनीं कारखान्यांत मोठीं दातेरी चाकें पाहिलीं आहेत, त्यांस हें लवकर उमजेल. दोन चाकें निरनिराळ्या वेगानें फिरत असतां त्यांचे दांते एकमेकांत बसवूं गेल्यास करकराट होतो, आणि प्रसंगीं दांते तुटतात. आजच्या मोटारींत हे वेग जुळविण्याची योजना गिअरपेटींतच असते. १९२७ च्या बेंटली मोटारींत ती नव्हती. वळण जवळ आलें कीं चालकानें क्लच दाबून गिअर मोकळा करावयाचा, क्लच सोडून इंजिनास नेमकी हवी तेवढीच गति द्यावयाची, पुन्हां क्लच दाबून खालचा गिअर घालावयाचा. आणि हें सर्व ब्रेक लावीत असतांना! त्यांतून अ‍ॅक्सिलरेटर मधोमध व ब्रेक उजवीकडे. वेग जुळला कीं नाहीं हें सांगणारा एकच साक्षीदार, तो म्हणजे कान. आपल्याकडील निष्णात गाडीवानास चाकाच्या आवाजावरून आंसाची अवस्था कळते, त्याच जातीचें हें ज्ञान होय.

शर्यतींसाठीं मुद्दाम बांधलेला ब्रुकलँड्सचा रस्ता लंडनजवळ १९०७ सालीं खुला झाला. त्याचीं वळणें भिंतीसारखीं उभीं कललेलीं होतीं. तेथें फेब्रुवारी १९१३ मध्यें पर्सी लँबर्टनें टॅल्बट मोटारींतून एका तासांत शंभराहून अधिक मैल अंतर काटलें. हा पराक्रम जगांत पहिलाच. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, दुसऱ्यानें मोडलेला आपला उच्चांक परत मिळवितांना, टायर फुटून तो मरण पावला. ज्यांस वेगाचें वेड आहे त्यांनीं ही दुसरी तारीखही लक्षांत ठेवावी.

पहिल्या महायुद्धानंतर बेंटलीचे चालक प्रसिद्धीस आले. फ्रान्समधील ल मां येथें चोवीस तासांची शर्यत होते. ती बेंटलीनें १९२४ सालीं एकदां आणि पुढें १९२७ पासून १९३० पर्यंत लागोपाठ चारदां जिंकली. वुल्फ बार्नाटो तेथें तीनदां उतरला आणि तीनही वेळां जिंकला. तरी लोकांचा जीव जडला तो टिम बर्किनवर. गळ्याला ठिपक्यांचा निळा रुमाल बांधलेला हा ठेंगणा मनुष्य १९३० सालीं कॅराचिओलाच्या मर्सिडीजला गवतावर चाकें घालून मागें टाकून गेला. त्याच्या मोटारीनें शेवटीं दम सोडला, परंतु मर्सिडीजही रात्रींच बाद झाली होती, आणि जय दुसऱ्या बेंटलीस मिळाला.

मला स्वतःला अधिक मोठी वाटते ती १९२७ ची रात्र. बेंटलीच्या तीन मोटारी शर्यतींत होत्या. पाऊस पडत होता, अंधार होऊं लागला होता. व्हाइट हाउस नांवाच्या वळणावर एक मोटार आडवी झाली आणि मागून येणाऱ्या तिच्यावर आदळत गेल्या. त्यांत बेंटलीच्या दोन होत्या. तिसरी सॅमी डेव्हिस हा पत्रकार हांकीत होता. वळणाच्या अलीकडे रस्त्यावर विखुरलेली माती त्याला दिसली. मागील फेरीस ती तेथें नव्हती! तेवढ्यावरून त्यानें वेग कमी केला. धडक टळली नाहीं, पण हलकी झाली. सुदैवानें कोणी मेलें नाहीं. आंस वांकला, सांगाडा दुखावला, एक दिवा गेला. दुरुस्ती चालकांनींच करावी असा नियम होता. डेव्हिसनें ती मोटार मागें घेतली, रखडत ठाण्यावर आणली आणि मोडलेलें शक्य तितकें बांधून-सांधून पुन्हां निघाला. आळीपाळीनें तो व त्याचा जोडीदार डॉक्टर बेंजाफील्ड यांनीं उरलेली रात्र आणि दुसरा दिवस ती लंगडी मोटार चालविली. पुढें असलेली फ्रेंच मोटार शेवटच्या तासांत बंद पडली. सुमारें २,३७० किलोमीटर अंतर तोडून बेंटली पहिली आली.

लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलांत विजयाची मेजवानी झाली, तेव्हां यजमानांनीं ती मोटारच मानाची पाहुणी म्हणून भोजनाच्या दालनांत आणून उभी केली.