लंडन–सिडनी विमानमार्ग
यूरोप व ऑस्ट्रेलिया ही खंडे जोडणारा अतिदीर्घ विमानमार्ग. गोलावरील दोन ठिकाणांमधील किमान अंतर बृहद्‌वृत्ताच्या कंसावरून मोजतात. त्यानुसार ही शहरे एकमेकांपासून सु. १७,००० किमी. दूर आहेत. अंतर स्थिर असले, तरी प्रवासकाल विमानाचा वेग, इंधनक्षमता, थांबे व वारे यांनुसार बदलत आला आहे. १९१९ मध्ये रॉस व कीथ स्मिथ या बंधूंना इंग्लंडहून डार्विनला पोहोचण्यास सु. २८ दिवस लागले. १९४७ मध्ये क्वांटास कंपनीने सिडनी–लंडन सेवा सुरू केली. सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो इ. ठिकाणी थांबत होणारा हा प्रवास चार दिवसांचा होता. जेट विमानांमुळे तो हळूहळू सु. एका दिवसावर आला. १९८९ मध्ये बोइंग ७४७–४०० विमान लंडनहून सिडनीला न थांबता २० तास ९ मिनिटांत पोहोचले. मात्र भार कमी राखण्यासाठी त्यात भाडे देणारे प्रवासी घेतले नव्हते. मध्य अक्षवृत्तांत उच्च पातळीवरील वारे मुख्यतः पश्चिमेकडून वाहतात. त्यामुळे लंडनकडे परतताना सामान्यतः अधिक वेळ लागतो. दोन्ही शहरांच्या प्रमाणवेळांत ऋतुमानानुसार ९ ते ११ तासांचा फरक पडतो. तो हिशेबात घेतल्यावरच वेळापत्रकावरून खरा प्रवासकाल कळतो.