उतार, उतारा आणि तहकुबी

भिवंडीत 'उतारा' म्हटले की आधी सातबारा डोळ्यांपुढे येतो. गोदामांनी इथल्या भातखाचरांना जो भाव आणला, त्याचा हा परिणाम. पण याच शब्दाच्या घरात आजारपणही राहते. विषावर देतात तो उतारा, आजाऱ्यावरून ओवाळून तिठ्यावर ठेवतात तोही उताराच, आणि ताप कमी होऊ लागला की दुखण्याला उतार पडतो. मुळाशी क्रियापद एकच, उतरणे. दप्तरातली नोंद कागदावर उतरते, विष अंगातून उतरते, पीडा माणसावरून उतरते. उतरलेली गोष्ट नाहीशी झाली, असे मात्र हा शब्द कुठेच म्हणत नाही.

गेली 22 वर्षे मी इथे औषधांच्या दुकानात बसतो. गिऱ्हाइके मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणारी, त्यामुळे बरे होण्याचे शब्द रोज कानावर पडतात. 'फरक पडला' हा सर्वांत चलनी. कशात, किती, हे सांगायची गरज नाही. 'बरं आहे' त्याहून निसरडा, कारण मराठीत बरे म्हणजे चांगलेही आणि जेमतेमही. जखम 'भरते', साथ 'ओसरते', दमा 'उचल खातो', टायफॉइड 'उलटतो'.

'गुण येणे' हा शब्दप्रयोग मला फार हुशार वाटतो. तो माणसाला बरे करतो आणि श्रेय औषधाला देतो. आपल्याच तालुक्यात, तानसा नदीकाठी, वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे आहेत. सांधे धरले की लोक तिथे जातात आणि गुण आला म्हणतात. उबेने सांधा मोकळा होतो, हे खरेच. पण दुखण्याने कळस गाठला की माणूस घराबाहेर पडतो, आणि कळसानंतर बरीचशी दुखणी आपोआपच थोडी खाली येतात. फ्रान्सिस गॉल्टनने 1886 साली आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीवरून टोकाकडून सरासरीकडे येण्याची ही ओढ दाखवली आणि तिला 'रिग्रेशन' म्हटले. आमच्या संख्याशास्त्रात त्याचे 'समाश्रयण' झाले. कुंडावरच्या माणसाला ते सांगून पाहावे!

खरी अडचण 'रेमिशन'ची. डॉक्टर कर्करोगाबद्दल हा शब्द वापरतात तेव्हा रोगाच्या खुणा कमी झाल्या किंवा तपासात दिसेनाशा झाल्या, एवढेच म्हणतात. घरी पोहोचेपर्यंत त्याचे 'बरे झाले' होते आणि वर्तमानपत्रात 'कर्करोगमुक्त'. चरकसंहितेत ही चूक नाही. तिथे ताप गेलेला माणूस आणि बळ आलेला माणूस हे दोन वेगळे आहेत. पहिल्याने दुसऱ्यासारखे वागायला सुरुवात केली की ताप परततो, त्याला पुनरावर्तक ज्वर असे नावच आहे.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ परत पाठवणे, सैल सोडणे. म्हणून इंग्रजीत पापाचेही रेमिशन होते, कैद्याच्या शिक्षेचेही आणि शेतसाऱ्याचेही. साऱ्याच्या बाबतीत आपल्या महसूल खात्याची मराठी अचूक आहे. पीक बुडाले, आणेवारी घसरली की दोन गोष्टी होऊ शकतात, सूट किंवा तहकुबी. सूट म्हणजे सारा माफ. तहकुबी म्हणजे यंदा मागणार नाही, पण येणे वहीत आहे. इंग्रजांनी पहिलीला रेमिशन म्हटले. आजाराच्या रेमिशनला मात्र मी दुसरा शब्द लावीन. तो रोग तहकूब झालेला असतो. उर्दूत 'तआकुब' असा कानाला जवळचा शब्द आहे, त्याचा अर्थ पाठलाग. तोही इथे शोभतो.

हे शब्दांचे खेळ नव्हेत. यंत्रमागावर मजुरी कापडाच्या मापावर मिळते, खाडा म्हणजे शून्य. क्षयाचे औषध साधारण सहा महिने चालते, पहिले दोन महिने चार औषधे. पण काही आठवड्यांतच ताप जातो, भूक लागते, कारागीर मागावर उभा राहतो. औषधे सरकारी, फुकट. ताकदीची गोळी घ्यायला तो माझ्याकडे येतो आणि सांगतो, 'आता आराम आहे, गोळ्या सोडल्या.' आराम म्हणजे विश्रांतीही आणि उतारही. बिचाऱ्याला पहिला मिळालेला नसतो, दुसऱ्यावर त्याने भरवसा टाकलेला असतो. अर्धवट सोडलेला क्षय उलटतो, आणि कधीकधी पहिल्या औषधांना न जुमानणारा होऊन येतो.

अशा वेळी 'अजून बरा नाहीस' म्हटले की माणूस खट्टू होतो, वादही घालतो. मराठी माणसाला मी सांगतो, दुखणे तहकूब आहे, निकाल लागलेला नाही. कोर्टाच्या तारखा सगळ्यांनाच ठाऊक. उर्दूभाषकाला 'मुल्तवी' सांगितले की तेवढेच कळते. पद्मानगरच्या तेलुगू विणकरांसाठी मात्र वेगळी युक्ती लागत नाही. त्यांच्याकडे 'तग्गिंदी' म्हणजे कमी झाले आणि 'नयमैंदी' म्हणजे बरे झाले, असे दोन शब्द तयारच आहेत. मी एवढेच विचारतो, 'तग्गिंदा, नयमैंदा?' बहुतेक जण क्षणभर थांबतात, मग पहिला शब्द निवडतात आणि गोळ्यांचे पाकीट पुन्हा खिशातून काढतात.