फुटबॉलचा तास व भिन्न कुवतीची मुले

सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रात शाळाशाळांतून फुटबॉल खेळविण्यात आला व अनेक शाळांना चेंडू मिळाले. तथापि चेंडू मिळाल्याने खेळ शिकविला जातोच असे नाही. एक चेंडू व चाळीस मुले असली, तर पस्तीस मिनिटांच्या तासात प्रत्येकाच्या वाट्यास पुरे एक मिनिटही येत नाही. त्यातही चपळ पाच-सहा मुले चेंडू आपसांत फिरवितात आणि नवखी मुले कडेला उभी राहतात. ज्यांना सरावाची गरज सर्वांत अधिक, त्यांनाच तो सर्वांत कमी मिळतो.

यासाठी सामन्यापूर्वी तीन मूलभूत कौशल्ये शिकवावीत : चेंडू पायाशी राखीत नेणे, तो सोबत्याकडे देणे व आलेला चेंडू थांबविणे. चेंडू देताना टेकलेला पाय चेंडूच्या बाजूस असावा व आघात पायाच्या आतील बाजूने करावा. बोटांच्या टोकाने मारलेला चेंडू बहुधा भलतीकडे जातो. चेंडू थांबविताना पाय किंचित मागे घ्यावा, म्हणजे तो उसळून दूर जात नाही.

पहिल्या तासास शिक्षकाने मुलांची पारख करून तीन गट करावेत. पाठ सर्वांना एकच द्यावा. अटी मात्र निराळ्या ठेवाव्यात. नवख्यांनी पाच पावलांवरून चेंडू द्यावा व पूर्ण थांबवून परत करावा. मध्यम गटाने आठ पावलांवरून दोन स्पर्शांतच तो परत करावा. तयार मुलांपैकी तिघांनी चेंडू फिरवावा व चौथ्याने मध्ये उभे राहून तो अडवावा. शिवाय त्यांना कमजोर पायाचाही सराव द्यावा. दहांपैकी आठ वेळा साधले की मुलास पुढील पायरीवर न्यावे. गट हे कायमचे नव्हेत, आणि कोणत्याही गटास हिणविणारे नाव पडू देऊ नये.

साधनांचाही विचार करावा. पाच क्रमांकाच्या चेंडूचा परीघ ६८ ते ७० सेंटीमीटर व वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. लहान मुलांच्या पायास तो जड पडतो. त्यांना तीन किंवा चार क्रमांकाचा चेंडू द्यावा. चेंडू अपुरे असल्यास चिंध्यांचा घट्ट बांधलेला चेंडूही चालतो. तो फार दूर घरंगळत नसल्याने नवख्यांस सोयीचाच ठरतो. डोक्याने चेंडू मारण्याचा सराव या वयात घेऊ नये. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनेही २०२० मध्ये प्राथमिक शाळेतील मुलांच्या सरावातून तो वगळण्याची सूचना केली.

चुकलेल्यास बाद करणारे खेळ टाळावेत, कारण त्यांत दुबळे मूल सर्वांआधी बाहेर बसते. शेवटची दहा मिनिटे चार-चार मुलांच्या तुकड्या करून लहान आखणीत सामने खेळवावेत. येथे मात्र तिन्ही गटांची मुले व मुली मिसळाव्यात, आणि तुकडीतील प्रत्येकाचा चेंडूस स्पर्श झाल्यावाचून गोल धरू नये. मग चपळ मुलालाही सोबत्यास चेंडू देणे भाग पडते, व कडेला उभे राहणाऱ्या मुलास आपणही संघातील एक आहोत याची प्रचीती येते. खेळाच्या तासाचे यश गोलांच्या संख्येवर नव्हे, तर किती मुले चेंडूस सरावली यावर मोजावे.