विनंती आणि आज्ञा : युरोपोल व खाजगी कंपन्या

इंटरनेटवरील दहशतवादी प्रचारसाहित्य हटविण्याच्या कामी पोलीस व खाजगी कंपन्या यांचे जे सहकार्य चालते, त्याचा कायदेशीर पाया कोणता, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. हेग येथील युरोपोल या संस्थेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

या कामासाठी १ जुलै २०१५ रोजी युरोपोलमध्ये एक स्वतंत्र शाखा सुरू झाली. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी २०१० मध्येच अशी शाखा काढली होती. शाखेतील कर्मचारी आक्षेपार्ह मजकूर वा चित्रफीत हुडकून तपासतात आणि ती जिच्या सेवेवर असेल त्या कंपनीस कळवितात. पोलिसांचे काम येथे संपते. मजकूर ठेवावा की काढावा हे कंपनी ठरविते. आणि तेही कायद्याच्या नव्हे, तर स्वतःच्या सेवाशर्तींच्या कसोटीवर. युरोपोलविषयक २०१६ च्या अधिनियमात कंपनीने ‘स्वेच्छेने’ विचार करावा, असेच म्हटले आहे.

खरी मेख येथेच आहे. अमुक मजकूर अवैध आहे असा निर्णय कोणीही देत नाही, तरी तो नाहीसा होतो. पोलिसांनी केवळ कळविलेले असते. कंपनीने केवळ आपल्या शर्ती लागू केलेल्या असतात. ज्याचा मजकूर गेला त्याने दाद कोणाकडे मागावयाची? शिवाय पोलिसांच्या विनंतीत स्वेच्छा कितपत उरते, हेही पाहावयास हवे. तथापि या पद्धतीच्या समर्थकांचा वेगाचा मुद्दा पोकळ नाही. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे मारेकऱ्याने हत्याकांडाचे थेट प्रक्षेपण केले, तेव्हा पहिल्या २४ तासांत त्या चित्रफितीच्या सुमारे १५ लक्ष प्रती काढल्याचे फेसबुकने सांगितले. न्यायालयाची चाल या वेगास पुरणारी नव्हे.

पुढे ७ जून २०२२ पासून युरोपीय संघात नवा अधिनियम लागू झाला. त्यान्वये सदस्य राष्ट्राच्या सक्षम अधिकाऱ्याने आज्ञा दिल्यास दहशतवादी मजकूर एका तासात काढावा लागतो. सतत कुचराई करणाऱ्या कंपनीस जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. आज्ञा कठोर खरी, परंतु ती लेखी असते, सकारण असते, आणि तिच्याविरुद्ध कंपनीस व मजकूरकर्त्यासही न्यायालयात जाता येते. जुन्या विनंतीस असे न्यायालयीन आव्हान सहजी देता येत नव्हते. ती वाट मात्र या अधिनियमाने बंद केली नाही.