शुगर आहे? मग विम्याचा अर्ज भरण्याआधी हे वाचा



गटात अंतर्गत कर्जाची मागणी आली की कारण विचारतो. बी-बियाणं, शाळेची फी, शेळी आणि मग हळू आवाजात सांगितलेलं कारण, 'दवाखाना'. त्या दवाखान्याच्या मागं बऱ्याचदा शुगर असते. शुगर एकदम खर्च काढत नाही. आधी गोळी, मग डोळे, मग पायाची जखम, मग किडनी असा तिचा हिशेब चालतो. म्हणून विमा हवाच. पण शुगर असताना विमा मिळतो का, आणि कसा, हे नीट कळलं पाहिजे.

आधी माझ्या मावशीचं सांगते. तिला सात वर्षांपासून शुगर. एजंटनं सांगितलं, "शुगर लिहू नका, हप्ता वाढतो." मावशीनं अर्जात 'आजार नाही' असं लिहिलं. दुसऱ्या वर्षी पायाची जखम चिघळली, ॲडमिट करावं लागलं. कंपनीनं जुने केसपेपर मागवले. त्यात शुगरची गोळी दिसली आणि क्लेम नामंजूर झाला. भरलेले हप्ते गेले, डागिने गहाण पडले. आणि केशरी रेशनकार्ड सगळा वेळ कपाटात होतं! ते घेऊन सरकारी योजनेच्या दवाखान्यात निदान विचारायला तरी जायला हवं होतं. मी एमएसडब्ल्यू झालेली, पण तेव्हा मलाही सुचलं नाही. तुमच्या घरात असं होऊ नये म्हणून हा लेख.

१) आधी रेशनकार्ड बघा

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला आताचं नाव मिळालं. पिवळं, केशरी आणि आता पांढरं रेशनकार्ड असलेल्या कुटुंबांनाही ती लागू आहे. केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्यासोबत जोडलेली आहे. वर्षाला पूर्ण कुटुंबासाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत. हप्ता नाही.

आणि मोठी गोष्ट म्हणजे, आधीपासून शुगर आहे म्हणून ही योजना कुणाला बाहेर काढत नाही. थांबायची मुदतही नाही. डायलिसिस, हृदयाची अँजिओप्लास्टी असे शुगरवाल्या माणसाला लागणारे मोठे उपचार यात बसतात.

पण दोन अटी आहेत. उपचार योजनेच्या यादीत असला पाहिजे आणि दवाखाना योजनेतला असला पाहिजे. म्हणून ॲडमिट व्हायच्या आधी दवाखान्यातल्या 'आरोग्यमित्रा'ला गाठा. योजनेच्या प्रत्येक दवाखान्यात त्याचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार दाखवा आणि स्पष्ट विचारा, "हा उपचार योजनेत आहे का? आम्हाला किती पैसे भरावे लागतील?" आपल्याकडून मिरजेला किंवा सांगलीला पेशंट न्यायचा असेल, तर निघण्याआधी १५५३८८ या नंबरवर फोन करून योजनेतला दवाखाना कोणता ते विचारून घ्या. आयुष्मान कार्डासाठी १४५५५.

घरात सासू-सासरे ७० वर्षांच्या पुढं असतील तर त्यांचं 'वय वंदना' कार्ड काढा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ते मिळतं. उत्पन्नाची अट नाही.

२) रोजच्या गोळीचं काय?

ही योजना ॲडमिट होण्याच्या खर्चासाठी आहे. रोजची गोळी, महिन्याची रक्त तपासणी यात धरत नाहीत. त्यासाठी उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची शुगर आणि बीपीची तपासणी तिथं मोफत होते, गोळ्याही मिळतात. आशाताईला सांगितलं की ती नाव नोंदवते.

द्राक्षाच्या बागेत, बेदाण्याच्या शेडवर दिवसभर राबणाऱ्या बायका म्हणतात, "तपासायला वेळ कुठंय?" ताई, एका सकाळचा रोज बुडेल, पण पाय वाचेल.

३) विकतचा विमा घ्यायचा असेल तर

शुगर असली तरी कंपनीचा विमा मिळू शकतो. कंपनी हप्ता जास्त लावू शकते, रक्त तपासणी मागू शकते, कधी नाहीही म्हणू शकते. मग दुसरीकडं विचारायचं. पण हे लक्षात ठेवा:

• शुगर लपवू नका. अर्ज एजंटनं भरला तरी सही तुमची असते. म्हणून भरलेला अर्ज कुणाकडून तरी वाचून घ्या, मगच सही करा. कोऱ्या अर्जावर सही नको.

• 'थांबायची मुदत' किती ते विचारा. आधीपासूनच्या आजाराला कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवू शकते. १ एप्रिल २०२४ च्या आधी ही मर्यादा ४८ महिने होती. म्हणजे आज विमा घेतला आणि पुढच्या वर्षी शुगरमुळं किडनीचा त्रास झाला, तर पैसे मिळणार नाहीत. पण डेंग्यूनं ॲडमिट झालात तर पहिले ३० दिवस संपल्यावर मिळतील. काही पॉलिसींत मुदत कमी असते, हप्ता जास्त असतो.

• हप्ता चुकवू नका. पॉलिसी बंद पडली की मुदत परत पहिल्यापासून मोजली जाऊ शकते.

• कागद हातात आल्यावर वाचा. पटलं नाही तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते.

• घरगुती आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. कुणी लावत असेल तर विचारा.

आधीच शुगर लपवून विमा घेतला असेल तर कंपनीला आजच लेखी कळवा आणि पोच ठेवा. हप्ता वाढेल, कदाचित पॉलिसी रद्दही होईल. पण हे आत्ता घरात कळलेलं बरं, ऑपरेशनच्या दिवशी नको.

४) क्लेम नाकारला तर

कारण लेखी मागा. आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडं जाता येतं. तिथं फी नाही, वकील लागत नाही. विमा नियामकाचा मदत नंबर १५५२५५.

५) हा गैरसमज काढा

"आमचा विमा आहे की, बँकेतून ४३६ रुपये कापतात," असं बऱ्याच जणी सांगतात. ताईंनो, ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा माणूस गेल्यावर मिळतो. २० रुपयांचा सुरक्षा विमा अपघाताचा आहे. दोन्ही चालू ठेवा, पण दवाखान्याचं बिल यातून भरलं जात नाही.

पुढच्या बैठकीला एवढं करूया

दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहेच. पुढच्या साप्ताहिक बैठकीला प्रत्येकीनं रेशनकार्ड आणि आधार घेऊन या. दोन्हीवरचं नाव सारखं आहे का, घरातल्या सगळ्यांची नावं कार्डावर आहेत का, ते बघू. नाव चुकलं असेल तर दुरुस्ती आत्ताच करायची, कारण दवाखान्याच्या दारात ते सुधारता येत नाही. ज्यांच्याकडं आयुष्मान कार्ड नाही, त्यांची यादी सचिव ताईंनी करून ग्रामसंघात द्यावी.

आणि गटात कुणाला शुगर असेल तर तिनं सांगायला लाजू नये. शुगर लपवल्यानं काय होतं ते माझ्या मावशीनं बघितलंय.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, कवठे महांकाळ