यंत्राचा ठेका आणि हाताची उपज

संगीतांत यंत्र शिरलें कीं माणसाचा हात निरुपयोगी होतो, अशी भीति पुष्कळांना वाटते. आणि ती अगदींच निराधार नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत विजेवर चालणारीं तालयंत्रें पाश्चात्य देशांतील ध्वनिमुद्रणगृहांत शिरलीं, तेव्हां अनेक ठिकाणीं ड्रमवादकाची जागा त्यांनीं घेतली. अशा स्थितींत पंचाहत्तरी उलटलेला एक ड्रमवादक आपण होऊन त्याच यंत्राच्या शेजारीं बसतो आणि जोडीनें वाजवूं लागतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. हे वादक म्हणजे टोनी ॲलन, आणि यंत्र हाताळणारे त्यांचे सहकारी म्हणजे जेफ मिल्स.

ॲलन यांचा जन्म १९४० सालीं नायजेरियांतील लेगॉस शहरीं झाला. तरुणपणीं ते एका नभोवाणी-केंद्रांत तंत्रज्ञ होते. ड्रम शिकण्यास त्यांनीं आरंभ केला तो वयाच्या १८ व्या वर्षीं. आर्ट ब्लेकी व मॅक्स रोच या अमेरिकन जॅझवादकांना त्यांनीं मनानें गुरु केलें. पुढें १९६४ पासून फेला कुटी यांच्या संगतींत त्यांनीं 'ॲफ्रोबीट' ही शैली घडविली. दोन हात व दोन पाय यांनीं चार निरनिराळ्या चाली एकाच वेळीं चालवाव्या आणि तरीहि त्यांचा एकच गोफ विणला जावा, ही त्यांच्या वादनाची ख्याति.

मिल्स यांचा जन्म १९६३ चा, अमेरिकेंतील डेट्रॉइट या मोटारींच्या शहरांतला. त्यांनींहि प्रथम नांव मिळविलें तें नभोवाणीवरूनच. एका ध्वनिमुद्रिकेंत दुसरी बेमालूम मिसळण्याच्या चपळाईमुळें श्रोते त्यांना 'विझर्ड', म्हणजे जादुगार, या नांवानें ओळखीत. त्याच काळांत त्या शहरीं 'टेक्नो' नांवाचें विद्युत्-संगीत जन्मास आलें. त्यांत गाण्याचे शब्द बहुधा नसतात आणि सुरावट थोडी असते. एकच ठेका अखंड चालतो, त्यावर नाद हळूहळू चढत-उतरत जातात, आणि ऐकणाऱ्याचें भान हरपतें. टाळमृदंगाच्या गजरांत एकाच नामाची आवृत्ति रंगत गेली म्हणजे भजनाला बसलेल्यांची जी तल्लीनता होते, ती ज्यानें अनुभविली आहे त्याला हें सहज उमगेल. १९९० नंतर जर्मनींत उदयास आलेला 'ट्रान्स' हा प्रकार याच संगीताचा आप्त होय.

मिल्स यांचें आवडतें यंत्र म्हणजे जपानच्या रोलंड कंपनीनें १९८३ सालीं काढलेलें 'टीआर-९०९'. त्यावर सोळा कळा ओळीनें मांडलेल्या असतात. आपल्या त्रितालाच्या मात्राहि सोळाच, म्हणून हा हिशेब समजावयास सोपा. ज्या कळेवर खूण करावी त्या ठिकाणीं आघात पडतो. सोळावें घर संपलें कीं यंत्र पुन्हां पहिल्यावर येतें. तें थकत नाहीं, चुकत नाहीं. पण ऐकतहि नाहीं.

खरी अडचण येथेंच आहे. जॅझचा प्राण म्हणजे उपज. एकानें कांहीं सुचवावें, दुसऱ्यानें तें ऐकून तत्क्षणीं उत्तर द्यावें. बहिऱ्याशीं हा संवाद व्हावा कसा?

अर्धें उत्तर आपल्या एकल तबलावादनांत सांपडतें. सारंगी किंवा हार्मोनियम एकच लेहरा पुनःपुन्हां वाजवीत राहते, म्हणूनच तबलजीचें दूर जाणें आणि समेवर परतणें श्रोत्याला कळतें. जें स्थिर आहे त्याच्यामुळेंच चंचलाची शोभा. उरलेलें उत्तर मिल्स यांच्या बोटांत आहे. ते यंत्र सुरू करून स्वस्थ बसत नाहींत. वादन चालूं असतांनाच आघात घालतात, काढतात, नादाची धार कमीजास्त करितात. यंत्राला कान नाहींत, ते मिल्स पुरवितात.

ही जोडी २०१६ च्या डिसेंबरांत पॅरिस येथें प्रथम रंगमंचावर आली. २०१८ सालीं ब्लू नोट या प्रसिद्ध जॅझ-संस्थेनें त्यांच्या चार रचनांची मुद्रिका 'टुमॉरो कम्स द हार्वेस्ट' या नांवानें प्रसिद्ध केली. स्वरपेटीवर ज्याँ-फी दारी यांची साथ होती. ३० एप्रिल २०२० रोजीं पॅरिसमध्येंच ॲलन निवर्तले.

मिल्स यांनीं तें नांव पुढें चालविलें. दारी यांच्या जोडीला तबलावादक प्रभु एदुआर आले, आणि २०२३ सालीं 'इव्होल्यूशन' ही मुद्रिका निघाली. सांगितलेला आघात हुबेहूब देणारें यंत्र हाताशींच होतें. तरीहि ॲलन यांच्या रिकाम्या जागेशेजारीं त्यांची यांत्रिक नक्कल उभी राहिली नाहीं. तेथें दुसऱ्याच वाद्यावर दुसऱ्याच माणसाचा हात पडला. यंत्राला भिणाऱ्यांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें कीं, ठेका धरण्याचें काम त्याला देतां येतें. उत्तर देण्याचें काम मात्र अद्यापि माणसाकडेंच आहे.