अडीच तासांचे अंतर

परवा मंडळाच्या एका भेटीत नुकतेच जेद्दाहला आलेले एक तरुण जोडपे शेजारी बसले होते. बोलता बोलता त्यातल्या सूनबाईंनी विचारले, "काकू, टाळेबंदीत तुम्ही एवढे दिवस घरात बसून करत काय होता?" मी हसून म्हटले, "काय करणार? जे सगळे करत होते तेच." घरी आल्यावर मात्र वाटले की हे उत्तर काही खरे नव्हे. सगळे जे करत होते त्यातले बरेचसे दोन आठवड्यांत कंटाळवाणे झाले; थोडेसेच शेवटपर्यंत टिकले. काय टिकले आणि का टिकले, ते मांडावे म्हणून हा लेख.

आधी तारखा सांगते, कारण आपण त्या भराभर विसरत चाललो आहोत. सौदी अरेबियात कोविडचा पहिला रुग्ण २ मार्च २०२० रोजी आढळला. ९ मार्चपासून शाळा बंद झाल्या आणि १५ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. २३ मार्चपासून संध्याकाळी सात ते सकाळी सहा अशी संचारबंदी आली. २९ मार्चला जेद्दाहमध्ये ती दुपारी तीनपासून सुरू झाली आणि ६ एप्रिलला चोवीस तासांची झाली. किराणा आणि औषधांसाठी सकाळी सहा ते दुपारी तीन या वेळात, तेही आपल्याच वस्तीत, बाहेर पडता येई. गाडीत चालकाखेरीज एकच माणूस चाले.

आम्ही अल अझीझियात तिसऱ्या मजल्यावर राहतो. इथली घरे आपल्याला माहीत आहेतच: खोल्या प्रशस्त, पण बाल्कनी नाही आणि खिडक्यांवर जाड पडदे. अशा घरात नवरा, चौदा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि मी, असे चौघे. दोघांची कचेरी आणि दोघांची शाळा एकाच दिवाणखान्यात भरू लागली.

भीती होतीच. ३० मार्चला राजे सलमान यांनी कोविडचे उपचार सर्वांना मोफत, अगदी व्हिसाचे नियम मोडून राहिलेल्यांनाही, असा आदेश काढला. त्याने एक ओझे उतरले. दुसरे मात्र तसेच राहिले. परदेशात राहणाऱ्या माणसाच्या मनात एक हिशेब कायम चालू असतो: काही झाले तर किती वेळात घरी पोचू? आमचे उत्तर होते, पाचेक तासांचे विमान आणि पुढे मुंबईहून गाडीचा प्रवास. माझे बाबा श्रीवर्धन तालुक्यातल्या गावी आईच्या पश्चात एकटेच राहत. वय शहात्तर. १५ मार्चला तो हिशेबच पुसला गेला.

पडदा का थकवतो?

पहिले पंधरा दिवस आम्ही पडद्यांच्या स्वाधीन झालो. दिवसा कामाच्या बैठका, संध्याकाळी चित्रपट, रात्री नातेवाइकांचे व्हिडिओ फोन. मराठी मालिकांचे चित्रीकरण १९ मार्चपासून थांबले होते, त्यामुळे तिथेही जुनेच भाग. मनोरंजनाची वाण नव्हती, तरी सगळ्यांचा स्वभाव चिडचिडा झाला. "एवढे सगळे आहे, तरी मन का रमत नाही?" असे यजमान रोज विचारत.

याचे एक उत्तर पुढे वाचायला मिळाले. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेरेमी बेलनसन यांनी २०२१ साली या थकव्याची चार कारणे मांडली. समोरचे चेहरे फार जवळून, एकटक आपल्याकडे पाहत असल्यासारखे दिसतात. आपलाच चेहरा आपल्याला सतत दिसत राहतो. माणूस एका चौकटीत जखडून बसतो. आणि एरवी मानेच्या हलण्यावरून, नजरेवरून सहज कळणाऱ्या गोष्टी समजून घ्यायला मेंदूला जादा कष्ट पडतात. थोडक्यात, आराम म्हणून आपण जे करत होतो तेच काम होऊन बसले होते.

दुसरा धडा गाण्याने शिकवला. पुणे, मस्कत आणि जेद्दाह अशा तीन घरांनी मिळून झूमवर एकत्र गायचा बेत केला. पहिल्याच ओळीला गोंधळ! जो तो म्हणे, "तुम्ही मागे पडताय." चूक कुणाचीच नव्हती. दहा मीटरवरच्या माणसाचा आवाज आपल्यापर्यंत यायला सुमारे तीस मिलिसेकंद लागतात. साधारण तेवढ्या विलंबापर्यंत माणसे एका तालात गाऊ शकतात. इंटरनेटवरून आवाज यायला याच्या कित्येक पट वेळ लागतो. म्हणून समूहगान तिथे जमतच नाही. भेंड्या मात्र झकास जमल्या, कारण तिथे एक गातो आणि दुसरा थांबतो. तेव्हापासून आम्ही ज्यात पाळी येते असेच खेळ निवडू लागलो: भेंड्या, गावांची नावे, कोडी. झूमची फुकट बैठक चाळीस मिनिटांत बंद पडते याचा आधी राग यायचा. पुढे लक्षात आले की बरेच आहे. हवेहवेसे वाटत असतानाच उठता येते.

गोष्ट सांगणारे आजोबा

२८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागर यांचे 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली, रोज सकाळी नऊला आणि रात्री नऊला. एरवी साडेआठलाच दिवा मालवणारे बाबा त्यासाठी जागू लागले. आमच्याकडे ते दिसत नव्हते. एकदा मुलीने फोनवर विचारले, "आजोबा, आज काय झालं?" आणि बाबांनी सगळा भाग तिला सांगितला, आवाज काढून, मध्येच खोकत, थोडे स्वतःचे घालून. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारले. तिथपासून तो नेमच झाला. तिकडे रात्रीचे दहा वाजले की आमच्याकडे साडेसात. भारत आणि सौदी यांच्यातल्या अडीच तासांचा मला एरवी वैताग येई, पण त्या दिवसांत ते अंतर अगदी मापात बसले. त्यांची निजायची वेळ ती आमची जेवणाआधीची.

मी विचार केला, ही मालिका इंटरनेटवर शोधून मुलीला दाखवता आली असती. मग तिला गोष्ट मिळाली असती, आजोबा मिळाले नसते. बाबांनाही कुणीतरी आपली वाट पाहत आहे हे रोज कळत होते. "कसे आहात, जेवलात का, औषध घेतले का" हे प्रश्न आम्ही आधीही विचारत होतो. त्यांची उत्तरे "बरा आहे, हो, हो" अशी तीन शब्दांत संपत. गोष्टीच्या निमित्ताने ते वीस मिनिटे बोलत, आणि आवाजावरूनच मला कळे की आज बाबांना दम लागला आहे की नाही.

जिन्यातला शेजार

त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवसापासून भारतात टाळेबंदी लागू झाली. आमच्या रस्त्यावर कडुनिंबाची झाडे आहेत. सकाळी जाऊन यजमान डहाळी घेऊन आले. चक्क्याऐवजी लबनेह घोटून श्रीखंड केले, जसे आखातातल्या कित्येक मराठी घरांत करतात. गुढी घरातल्या घरातच उभी केली. श्रीखंडाची एक वाटी वरच्या मजल्यावर पाठवली.

वर राहतात ते कुटुंब म्हसळ्याचे, कोकणी मुसलमान. आठ वर्षे एका इमारतीत राहून आमचे बोलणे "सलाम" आणि "कशा आहात" यापलीकडे फारसे गेले नव्हते. कामावर जायची घाई, सुट्टीला कॉर्निश, उरलेला वेळ आपापल्या मंडळींत. २४ एप्रिलला रमजान सुरू झाला आणि आमची वाटी सांदणांनी भरून परत आली. ती दारात ठेवायची, घंटी वाजवायची आणि दोन पायऱ्या मागे सरकून बोलायचे, अशी रीत पडली. भाभी कोकणीत बोलत, मी माझ्या मराठीत, आणि एकही शब्द अडत नसे. मुले जिन्यात वरखाली बसून लांबूनच कोडी घालत. माणूस समोर उभा असला की चेहरा वाचायचे कष्ट पडत नाहीत, हे तेव्हा नीट कळले.

पाच दिवस

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा या पट्ट्यात सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब पडले आणि मोबाइलचे मनोरेही बंद झाले. सकाळी बाबांशी बोलले होते. रात्री साडेसातला फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. मुलगी ठरल्या वेळी फोनपाशी येऊन बसे आणि गुपचूप उठून जाई. घरात अगणित चित्रपट, खेळ, पुस्तके होती. कशालाही हात लावावासा वाटला नाही.

वरच्या भाभींचेही माहेर-सासर तिकडेच. तिसऱ्या दिवशी त्या दारात आल्या. "ताई, आमचा भाचा मोटारसायकल घेऊन निघालाय. रस्त्यावर झाडं पडलीत, पण जाईल. तुमच्या बाबांचं गाव सांगा." पाचव्या दिवशी संध्याकाळी, रेंज मिळेल अशा ठिकाणी परत येऊन त्या मुलाने आवाज भरून पाठवलेला निरोप आला. त्यात बाबा बोलत होते: घराची कौले गेली, बाग गेली, मी धड आहे, शेजाऱ्यांच्या ओटीवर निजतो. आणि शेवटी, "पोरीला सांग, गोष्ट राहिलीय."

पूर्वी आखातातली माणसे कॅसेटवर आवाज भरून, सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी हाती घरी धाडत. आमचा निरोप तसाच आला, माणसाच्या हातून. त्या वेळी जेद्दाहमध्ये दुपारी तीननंतरची संचारबंदी पुन्हा लागू झाली होती. आम्ही सगळे जिन्यात उभे राहून तो निरोप चार वेळा ऐकला.

काय टिकले?

जेद्दाहमधली ती संचारबंदी २१ जूनला उठली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. बाबांनी कौले पुन्हा घातली आणि सुपारीची रोपेही लावली. फळ धरायला काही वर्षे लागणार, हे त्यांना ठाऊक होते.

तर त्या सूनबाईंना माझे उत्तर असे. घरात अडकलो तर नुसते पाहायच्या गोष्टी लवकर संपतात; ज्यात आपली पाळी येते त्या टिकतात. फोनला निमित्त द्यावे आणि ठरलेली वेळ द्यावी, म्हणजे चौकशीचे संभाषण होते. म्हाताऱ्या माणसांकडून नुसती खुशाली घेऊ नये, त्यांच्याकडे काहीतरी मागावे: गोष्ट, कृती, जुना पत्ता. आणि जिन्यातली ओळख संकट येण्याआधी करून ठेवावी. आम्हाला आठ वर्षे लागली. तुम्ही एवढी लावू नका.

आमची वाटी अजून वरखाली फिरते आहे. साडेसातचा फोनही चालू आहे. फक्त आता गोष्ट मुलगी सांगते आणि आजोबा विचारतात, "मग पुढे?"